दुखणे अंगठ्याचे, काळजी हृदयाची



माझ्या थोरल्या भावाला गाऊट होता. नाताळची जेवणे झाली, की दुसऱ्या-तिसऱ्या रात्री दादाच्या पायाचा अंगठा लालबुंद सुजायचा. चादरीचा स्पर्शही त्याला सोसत नसे. "मटणाचा हिशेब आला," म्हणून आम्ही हसायचो. मी नर्स, त्यामुळे मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून देणे माझ्याकडे असे. एका वर्षी अंगठा बरा झाला आणि पाचव्या आठवड्यात दादा हृदयविकाराने गेला. गाऊटनेच त्याचा जीव घेतला, असे मी म्हणणार नाही. त्याला रक्तदाब होता, तंबाखूही सुटली नव्हती. पण त्या पाच आठवड्यांत त्याच्या हृदयाचा विचार कोणी केला नाही. मीही नाही.

युरिक ॲसिड आपल्या शरीरातच तयार होते, थोडे अन्नातूनही येते, आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. रक्तात ते साधारण 6.8 मिलिग्रॅमच्या वर गेले, की पूर्ण विरघळत नाही. त्याचे सुईसारखे बारीक स्फटिक सांध्यांत साचतात, आणि पायाचा अंगठा थंड राहत असल्याने बहुधा तिथे आधी. एक दिवस पांढऱ्या पेशी त्या स्फटिकांवर तुटून पडतात आणि दाह सुरू होतो. हा दाह अंगठ्यापुरता राहत नाही, रक्तातून सगळीकडे पोहोचतो. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आधीच चरबीचे थर असतील तर दाहामुळे ते फुटू शकतात आणि तिथे रक्ताची गुठळी होते.

ब्रिटनमधील नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी 62 हजारांहून अधिक गाऊट रुग्णांच्या नोंदी तपासून 2022 मध्ये निष्कर्ष मांडले. गाऊट उसळल्यानंतरच्या दोन महिन्यांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट, त्यापुढच्या दोन महिन्यांत सुमारे दीडपट आढळली. घाबरू नका, बहुतेकांना यातले काही होत नाही. पण तपासून घेण्याचे दिवस कोणते, ते यावरून कळते.

मग युरिक ॲसिड कमी केले की हृदय सुरक्षित? तसेही नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या ब्रिटिश चाचणीत, गाऊट नसलेल्या हृदयरुग्णांना काही वर्षे ॲलोप्युरिनॉल देऊनही झटके कमी झाले नाहीत. म्हणून दुखणे काहीच नसताना केवळ रिपोर्टमधला आकडा पाहून स्वतःच गोळी सुरू करू नये. मात्र गाऊट वारंवार उसळत असेल आणि डॉक्टरांनी ती गोळी दिली असेल, तर दुखणे थांबले म्हणून सोडू नये. आकडा 6 च्या खाली टिकवायचा असतो. गोळी सुरू केल्यावर अंगावर पुरळ आले, तर मात्र ती थांबवून लगेच डॉक्टरांना गाठावे.

माझी चूक वेदनाशामकांची. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या रक्तदाब वाढवतात, मूत्रपिंडांवर आणि हृदयावर ताण आणतात. हृदयरुग्णाला डॉक्टर बहुधा कमी मात्रेत कोल्चिसिन किंवा थोडे दिवस स्टेरॉइड देतात. रक्तदाबासाठी दिलेल्या लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी युरिक ॲसिड वाढते, लोसार्टनने थोडे उतरते. डॉक्टरांना हे विचारावे, पण चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

आपल्या घरांत पहिली बंदी येते ती बिचाऱ्या डाळीवर. तिचा दोष फारसा नाही. काळीज, गुर्दे, सुकट, बिअर, दारू आणि बाटलीतली गोड पेये आवरावीत. दूध-दही चांगले.

आता पाड्यावर तपासणीला गेले आणि कोणी सुजलेला अंगठा दाखवला, की मी आधी त्याच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधते. "सिस्टर, दुखतंय तर पायात," असे तो म्हणतोच. मग मी त्याला दादाची गोष्ट सांगते.