ओट्याशेजारचा व्यायाम

पाळी थांबली की शरीरातलं इस्ट्रोजेन घटतं आणि पुढची काही वर्षं हाडांची झीज झपाट्याने होते. म्हणून बऱ्याच जणी कॅल्शियम सुरू करतात. पण मनगटाचं किंवा खुब्याचं हाड बहुतेकदा मोडतं ते पडल्यामुळे, आणि तोल सांभाळायला कॅल्शियमची गोळी पुरत नाही.

तोल राखतात डोळे, आतला कान आणि तळव्यांतून, सांध्यांतून मेंदूला पोचणारी खबर. वयाबरोबर ही यंत्रणा मंदावते, मांड्यांची ताकदही उतरते. सरावाने तोल आणि ताकद दोन्ही सुधारतात. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2019 च्या कॉक्रेन आढाव्यात साठीपुढच्या लोकांचं पडण्याचं प्रमाण व्यायामाने सुमारे 23 टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. नुसत्या चालण्याबद्दल मात्र तसा भक्कम पुरावा मिळाला नाही. ‘मी रोज फिरते ना’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

सुरुवात स्वयंपाकाच्या ओट्यापाशी करा. साडी किंवा गाऊन पायात येणार नाही असा खोचा, फरशी कोरडी हवी. दोन्ही हातांनी ओटा धरून एक पाय थोडा उचला, 10 सेकंद थांबा, मग दुसरा. नजर समोर. जमू लागलं की एका हाताने धरा, मग दोन बोटांनी. नंतर ओट्याच्या कडेने, एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवत चाला. भक्कम खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठणं-बसणंही त्यात घाला. आठवड्यातून निदान 3 दिवस.

चक्कर येत असेल किंवा पूर्वी हाड मोडलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. हाडं फार ठिसूळ झाली असतील तर कमरेतून खोल वाकणं टाळा.