कॉलर फिरवून शॉकअप कडक होत नाही

"मागून बसतेय, शॉकअप जरा कडक करून द्या." वैभववाडी-तळेरे पट्ट्यात एक्सपल्स किंवा हिमालयन मोटरसायकल घेऊन गॅरेजात येणाऱ्या धिप्पाड माणसाची ही ठरलेली तक्रार. करूळ घाटाचा मोठा रस्ता सोडून सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यांकडे वळलं की जांभ्याचे सुटे दगड, पावसाने पाडलेले चर, साकवाच्या तोंडाशी पडलेली पायरी असं सगळं सुरू होतं. 95-100 किलोच्या स्वाराखाली मागचा शॉकअप तळाला जाऊन आपटतो. मेस्त्री हूक पाना लावून स्प्रिंगवरची कॉलर दोन आटे आवळतात, गाडी बसताना टणक लागते आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं.

स्प्रिंग मात्र होती तेवढीच मऊ राहिलेली असते. समजा, एक मिलिमीटर दाबायला 7 किलो लागतात अशी सरळ स्प्रिंग आहे. कॉलर आवळून ती आधीच 10 मिमी दाबून ठेवली, तर हलायला सुरुवात करण्यासाठी 70 किलोंचा जोर लागेल. त्यानंतरचा प्रत्येक मिलिमीटर पुन्हा 7 किलोंनीच दबणार. आधीच दिलेल्या या दाबाला प्रीलोड म्हणतात. प्रीलोडने गाडीची मागची उंची बदलते. स्प्रिंगची ताकद तिच्या तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास आणि त्यांची संख्या यांवर ठरते, आणि त्यातलं काहीच पाना फिरवून बदलत नाही.

मग वजनदार माणसाने प्रीलोड पूर्ण आवळावा का? बहुतेक जण तेच करतात आणि इथेच खरी गफलत होते. ती समजायला एक मोजपट्टी आणि दोन मदतनीस पुरतात. गाडी स्टँडवर घेऊन मागचं चाक अधांतरी ठेवा. मागच्या एक्सलच्या मधोमधपासून सरळ वर, शेपटीच्या प्लास्टिकवर एक खूण करून अंतर मोजा. मग गाडी जमिनीवर घ्या, दोनतीनदा दाबून सोडा आणि स्वाराशिवाय तेच अंतर मोजा. शेवटी हेल्मेट, जॅकेट, बूट आणि नेहमीची पाठीवरची बॅग यांसह फूटरेस्टवर पाय ठेवून बसा. एकाने हँडल धरावं, दुसऱ्याने मोजावं. पहिल्या मापातून उरलेली दोन मापं वजा केली की गाडी स्वतःच्या वजनाने किती बसते आणि तुमच्यासकट किती बसते, हे दोन आकडे मिळतात. गॅरेजवाले यालाच सॅग म्हणतात.

आता एक हिशोब. साध्या एक्सपल्स 200 चं मागचं चाक एकूण 170 मिमी वरखाली होतं. समजा, अधांतरी माप 600 आलं, नुसत्या गाडीचं 582 आणि स्वारासकट 522. म्हणजे गाडी एकटी 18 मिमी बसली आणि स्वार चढल्यावर 78 मिमी. ऑफ-रोडसाठी स्वारासकटचा सॅग एकूण चालीच्या साधारण 30 ते 33 टक्के असावा असा रूढ ठोकताळा आहे, म्हणजे इथे 51 ते 56 मिमी. 78 चे 55 करायचे तर मागची बाजू 23 मिमी उचलावी लागेल. पण गाडीचा स्वतःचा सॅगच 18 होता. तो संपून शून्य होणार, आणि स्वार नसताना शॉकअप वरच्या टोकाला घट्ट टेकून राहणार. अशी गाडी खड्डा आला की चाक खाली सोडत नाही. उंचवट्यावरून उतरताना मागून लाथ मारते आणि उतारावर ब्रेक लावला की मागचं चाक हलकं होऊन सरकतं. वर शॉकअप तळाला आपटतो तो आपटतोच, कारण स्प्रिंग मऊच आहे.

म्हणून उलटी वाटणारी ही खूण लक्षात ठेवा. स्वारासकटचा सॅग जुळवल्यावर नुसत्या गाडीचा सॅग जवळजवळ उरलाच नाही, तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे. तो फार जास्त उरला, तर स्प्रिंग कडक आहे. गाडी हाताला टणक लागते म्हणून अनेकांना ती मऊ स्प्रिंगची आहे हे पटतच नाही. कंपन्या साधारण 70-75 किलोंचा स्वार धरून स्प्रिंग बसवतात, तेव्हा शंभरीच्या आसपासच्या माणसाला बहुधा स्प्रिंगच बदलावी लागते.

व्हिडिओ बघून "सॅग 100 मिमीच हवा" म्हणणारेही भेटतात. तो आकडा मोटोक्रॉसच्या गाड्यांचा. 2024 च्या जानेवारीत पुण्याच्या बालेवाडीत सुपरक्रॉस लीग झाली, तसल्या शर्यतीतल्या गाड्यांच्या मागच्या चाकाची चाल 300 मिमीच्या घरात असते, म्हणून तिथे 100 शोभतात. हिमालयन 411 ची चाल 180 मिमी, हिमालयन 450 ची 200, एक्सपल्सच्या प्रो मॉडेलची 220. आपापल्या गाडीच्या चालीचा तिसरा हिस्सा काढा.

"डँपिंग आवळलं की वजन पेलेल" हा शिकलेल्यांचा गैरसमज. तेलातून होणारा विरोध फक्त शॉकअप हलत असताना, आणि हलण्याच्या वेगानुसार मिळतो. उभ्या गाडीवर बसलेल्या माणसाचं वजन तो एक ग्रॅमही उचलत नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे दबतानाचा विरोध, फार आवळलं तर दगडांवर गाडी हादरे देते, एवढंच. रिबाउंड, म्हणजे परत उसळतानाचा विरोध, मात्र कडक स्प्रिंग घातल्यावर थोडा वाढवावाच लागतो, कारण जास्त ताकदीची स्प्रिंग जोरात उसळते. प्रो मॉडेलसारखे स्क्रू तुमच्या गाडीला असतील, तर आधी अलगद शेवटापर्यंत आत फिरवून किती क्लिक होते ते लिहून ठेवा आणि मग एकदोन क्लिकच बदला. साध्या एक्सपल्सच्या मागच्या शॉकअपला फक्त प्रीलोड आहे. तिथे स्प्रिंग बरीच कडक केली, तर आतलं डँपिंग कामाच्या माणसाकडूनच जुळवून घ्यावं लागेल. नायट्रोजन भरलेला शॉकअप दाबाखाली असतो, तो घरी खोलण्याची वस्तू नव्हे.

मागचं जुळवून पुढचं विसरणंही चालत नाही. मागून फार बसलेल्या गाडीचं हँडल सैल पडतं, वळण रुंद जातं, आणि रात्री भुईबावडा घाटात तुमच्या हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मागची बाजू उचलली की हे उलटं होतं: वळताना गाडी चपळ, पण वेगात चंचल. चेनही तपासा. दोन्ही स्प्रॉकेट आणि चिमट्याचा (स्विंगआर्मचा) पिव्होट एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत ताणलेली असते. त्या जागी थोडी ढील उरायलाच हवी, नाहीतर चेन आणि बेअरिंग दोन्ही जातात.

कडक स्प्रिंग घातली म्हणून मागे तांदळाचं पोतं आणि पोत्यावर पाहुणा असा हिशोब कुणी करू नये. मॅन्युअलमध्ये दिलेली वजनाची मर्यादा फ्रेम, रिम, टायर आणि ब्रेक मिळून ठरलेली असते. स्प्रिंगने ती वाढत नाही. स्प्रिंग मागवताना "हेवी ड्यूटी द्या" एवढं सांगून भागणार नाही. गाडीचं मॉडेल, सगळ्या सामानासकट तुमचं वजन आणि मोजलेले दोन्ही सॅग कागदावर लिहून द्या, आणि मिळणारी स्प्रिंग किती न्यूटन प्रति मिलिमीटरची आहे ते विचारा. हा आकडा ज्याला सांगता येत नाही, त्या दुकानदाराकडून ती घेऊ नका.