न भरलेले सेकंद

मुंबईत रे रोडला दारूखान्याकडे वळलं की भंगाराचे, पत्र्यांचे ट्रक वजनकाट्यावर चढता-उतरताना दिसतात. अशाच एका काट्याच्या केबिनमधला संगणक पावती छापता छापता मधूनच बंद पडे. पावती अडली की गाडी अडते आणि मागचे हॉर्न सुरू होतात. बरं, रोज पडता तर दोष सापडला असता. लागोपाठ दोन पावत्या काढल्या तरच पडे, तेही कधी कधी.

प्रोग्राम जुना, सी भाषेतला. काट्याकडून तारीख, तास आणि मिनिटं एवढंच येई. ते वाचायला स्ट्रपीटाइम वापरलं होतं, आणि ते सांगितलेलेच रकाने भरतं. तारखेच्या रचनेत सेकंदही असतात, उन्हाळी वेळेचा रकाना असतो, लिनक्सवर तर टाइमझोनचं नाव जिथे ठेवलंय तो पत्ताही असतो. हे कुणी भरलंच नव्हतं. फंक्शनच्या आतला चल सी भाषा शून्य करून देत नाही. आधीच्या भाडेकरूचं सामान तसंच असलेला गाळा नव्याच्या हाती द्यावा, तसं. आधीच्या फंक्शनचे आकडे नि पत्ते तिथे पडून असतात.

सेकंदांत भलता आकडा असला तर प्रोग्राम पडत नाही, तेच वाईट. वेळेचा हिशेब करणारं एमकेटाइम तो आकडा निमूटपणे मिनिटांत, दिवसांत, वर्षांत मुरवतं. 32 बिटांत दोन अब्जांहून मोठी संख्या मावते, म्हणजे तारीख 68 वर्षांपर्यंत मागेपुढे सरकू शकते. पडायचं ते छपाईत, आणि ती एमकेटाइमच्या आधीच होई. तिथे टक्का-झेड लिहून टाइमझोनचं नाव मागितलं होतं. वेळेचा मजकूर बनवणारं स्ट्रएफटाइम त्या न भरलेल्या पत्त्यावर नाव शोधायला जाई. पत्ता शून्य असला तर निभावून जाई, चुकून वापरातला निघाला तर कचरा, नाहीतर सेगमेंटेशन फॉल्ट.

बघू तरी म्हणून मध्ये एक प्रिंटएफ घातला, की स्टॅकची मांडणी हलते आणि दोष गायब. माझ्या मते अशा दोषामागे प्रिंटएफ घेऊन धावूच नये. व्हॅलग्रिंड हे मेमरी तपासणारं साधन लावावं. बिट भरलेला आहे की नाही याची ते वेगळी नोंद ठेवतं. न भरलेल्या किमतीची नुसती नक्कल झाली तर गप्प, पण त्या किमतीवर निर्णय ठरू लागला की तक्रार. त्याच्याखाली प्रोग्राम रांगतो. पण त्याचा ट्रॅक-ओरिजिन्स हा पर्याय चालू केला की ती किंमत कुठल्या फंक्शनच्या स्टॅकवरून आली, हेही कळतं. इथे ते पावतीचंच फंक्शन निघालं.

दुरुस्ती किरकोळ. आधी सगळी रचना शून्य करायची, उन्हाळी वेळेच्या रकान्यात उणे एक घालायचं (म्हणजे तूच ठरव), आणि छापण्याआधी एमकेटाइमला बोलवायचं. नावाचा पत्ता तेच भरतं.

शून्याचीही एक खोड आहे. रचनेत महिने 0 पासून मोजतात, तारखा 1 पासून, वर्षं 1900 पासून. त्यामुळे शून्य केलेल्या रचनेत तारीख न वाचता नुसती वेळ वाचली, तर हाती 31 डिसेंबर 1899 येतो. भारताच्या टाइमझोनला संगणकाच्या टाइमझोन-यादीत आशिया-कोलकाता म्हणतात, आणि त्यात 1906 पूर्वी मद्रासची वेळ धरली आहे: ग्रीनिचच्या 5 तास 21 मिनिटं 10 सेकंद पुढे. पावतीवर आयएसटीऐवजी एमएमटी उमटतं. मुंबई तेव्हा स्वतःची वेळ पाळत होती, 4 तास 51 मिनिटांची. तिचा वेगळा टाइमझोन त्या यादीत नाहीच.