ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला का ओढते?

एवढ्या पावसातून आलात, बरं वाटलं. येताना सगळ्यांनी चार-दोन वेळा तरी ब्रेक लावला असेल. तेव्हा गाडी अगदी सरळ थांबली की जराशी एका बाजूला गेली, हे कितीजणांना सांगता येईल? दोनच हात वर दिसतायत. लाजू नका, मलाही सांगता आलं नसतं. तिथूनच सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं कोल्हापूरहून परत येत होतो. आंबा घाट उतरताना बायको म्हणाली, "अहो, दर ब्रेकला तुम्ही स्टिअरिंग उजवीकडे का वळवताय?" मी म्हटलं, "छे, कुठे काय?" साखरपा ओलांडल्यावर सरळ रस्ता मिळाला. पुढेमागे कोणी नाही असं बघून हात सैल केले आणि हलका ब्रेक दाबला. गाडी डावीकडे निघाली! म्हणजे कित्येक आठवडे गाडी ओढत होती आणि माझे हात मला न विचारता ती सरळ करत होते. हा दोष असा सवयीचा होतो. आणि मग एके दिवशी पावसात, उतारावर, समोर गुरं आली म्हणून आपण जोरात ब्रेक मारतो. त्या वेळी हातांना सावरायला फुरसत मिळत नाही. गाडी उजवीकडे ओढणारी असेल तर समोरून येणाऱ्या ट्रकच्या अंगावर, डावीकडे ओढणारी असेल तर गटारात नाहीतर दरीकडे.

पुढची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. मी गाडी एका गॅरेजमध्ये दिली, "डावीकडे ओढते" एवढंच सांगितलं आणि घाईत निघून आलो. त्यांनी डावं चाक खोललं, डावीकडचे ब्रेक पॅड नवे टाकले. गाडी घेऊन निघालो तर आधीपेक्षा जोरात डावीकडे ओढायला लागली. दोष उजव्या चाकात होता.

आजचं सगळं व्याख्यान या एका वाक्यात आहे. गाडी बिघडलेल्या चाकाकडे ओढतेच असं नाही; जे चाक जास्त ब्रेक घेतं त्याच्याकडे ती ओढते. आणि बऱ्याचदा ते चाक चांगलं असतं.

इथे होडीत बसलेले बरेच असतील. होडी पुढे जात असताना उजवं वल्हं पाण्यात नुसतं रोवून धरलं तर होडी कुठे वळते? उजवीकडे. ज्या बाजूला अडवणूक जास्त, त्या बाजूला वळण. गाडीचंही तेच. पुढच्या दोन चाकांनी सारखं अडवलं तर गाडी सरळ थांबते. उजव्याने काम सोडलं तर डाव्याची अडवणूक उरते आणि गाडी डावीकडे जाते. पुढची चाकं म्हणतोय, कारण ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे येतं आणि थांबवण्याचं बरंचसं काम तीच करतात. म्हणून ओढण्याचं कारण आधी पुढे शोधायचं.

आता दोन्ही बाजूंना सारखा जोर पोचतो कसा? जुन्या गाड्यांत पेडलपासून चाकापर्यंत सळया नाहीतर तारा असायच्या. एक तार सैल पडली की गाडी वाकडी. मग तेलावर चालणारे ब्रेक आले. १९२१ साली अमेरिकेतल्या ड्युसेनबर्ग गाडीला चारही चाकांवर असे ब्रेक होते. त्यामागे पास्कलचा नियम आहे, तो आपण शाळेत शिकलो: बंदिस्त द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. म्हणजे पेडलखालून निघालेला दाब दोन्ही बाजूंना सारखाच असतो. घोटाळा होतो तो बहुधा शेवटच्या हातभर अंतरात, होजपाइप आणि कॅलिपरमध्ये.

कॅलिपर म्हणजे डिस्कला दोन्हीकडून धरणारा चिमटा. बहुतेक छोट्या गाड्यांत त्याला पिस्टन एकाच बाजूला, आतून, असतो. पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्या रेट्याने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅडही ओढून आणतो. या पिना गंजून जाम झाल्या की कॅलिपर सरकत नाही, बाहेरचा पॅड नावापुरता उरतो. माझ्या उजव्या चाकात हेच झालं होतं. आतला पॅड झिजून पत्र्याला आलेला, बाहेरचा जवळजवळ नवा. पिनेचं रबर फाटलेलं, आत पाणी आणि तांबडी माती. पिना साफ करून, त्यांचं खास ग्रीस लावून, रबरं बदलून आणि दोन्ही बाजूंना नवे पॅड टाकून गाडी सरळ झाली.

मग निदान करायचं कसं? गाडी खोलण्याआधी तिला प्रश्न विचारायचे. मोकळा, सपाट, कोरडा रस्ता निवडा. घाटात किंवा हातखंब्याच्या उतारावर हे प्रयोग करू नका. टायरमधली हवा आधी दोन्हीकडे सारखी करून घ्या.

पहिला प्रश्न: ब्रेक न लावताही ओढते का? चाळीसच्या वेगाने जाताना हात सैल करा, स्टिअरिंग सोडायचं मात्र नाही. किंचित डावीकडे जाणं दोष नव्हे. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार असतो. पण सपाटीवरही ओढत असेल तर हवा, टायर, अलाइनमेंट बघा, नाहीतर एखादा ब्रेक सतत लागून राहत असेल. उलट फक्त ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल तर नुसतं अलाइनमेंट करून सहसा काही होत नाही. पैसे जातात, दोष राहतो.

दुसरा प्रश्न: दर वेळी एकाच बाजूला ओढते का? कधी डावीकडे, कधी उजवीकडे, आणि स्टिअरिंगला झटका बसत असेल तर लोअर आर्मचे बुश किंवा टाय रॉड सैल झालेत का ते तपासायला सांगा. ब्रेकच्या रेट्याने चाकच जागचं हलत असतं.

तिसरा प्रश्न: कधी ओढते? सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकना ओढते आणि मग सुधारते, तर रात्रभराच्या दमटीने डिस्कवर गंज धरलेला असतो, तो घासून जातो. त्याची काळजी नको. पण चालवता चालवता वाढत जात असेल, पेडल सोडल्यावरही गाडी त्याच बाजूला जात राहिली, तर एक ब्रेक सुटतच नाहीये.

आणि चौथी, माझी सगळ्यात आवडती परीक्षा. पाच-सात किलोमीटर चालवा, गाडी उभी करा, आणि तळहात चाकाजवळ न्या. जवळ, लावायचा नाही, भाजेल. डावं-उजवं ताडून बघा. समजा गाडी डावीकडे ओढते. उजवं चाक थंड आणि डावं नेहमीसारखं गरम, तर उजवं काम करत नाहीये. उजवं नेहमीसारखं आणि डावं मात्र फणफणलेलं, करपल्याचा वास येतोय, तर डावा ब्रेक अडकलाय. तक्रार एकच, दोष अगदी उलट बाजूंना. ही दोन मिनिटांची परीक्षा केली असती तर माझा डावीकडच्या पॅडचा खर्च वाचला असता.

अडकलेल्या चाकाची पुढची चाचणी मेकॅनिकने करायची. चाक जॅकवर उचलून हाताने फिरत नसेल तर कॅलिपरचा निपल जरा सैल करायचा. थोडं तेल बाहेर येऊन चाक सुटलं, तर दाब आत कोंडला होता. बहुतेकदा रबरी होजपाइप आतून फुगून बंद झालेला असतो. बाहेरून तो छान दिसतो! तेल येऊनही चाक सुटलं नाही, तर पिस्टन नाहीतर पिना जाम आहेत.

आपल्याकडे हे दोष जास्त का, ते सांगायला नको. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, बारा महिने खारा वारा, रस्त्यावर तांबडा चिखल. त्यात वाळूत गाडी घालायची हौस. समुद्रावरून आलात तर गोड्या पाण्याने चाकं आतून धुवा. शिवाय मुंबईकरांची गाडी गणपतीपासून शिमग्यापर्यंत खळ्यात उभी. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर जाम होते. पावसाळ्यात खूप दिवस ठेवायची असेल तर सपाट जागी, गिअरमध्ये, चाकाला दगड लावून ठेवा आणि हँडब्रेक सोडा. नाहीतर मागचे लायनर ड्रमला चिकटून बसतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ३ तेल २०५ अंशांच्या वर उकळतं. पाणी मुरलं की तो आकडा १४० पर्यंत खाली येऊ शकतो. घाटात ब्रेक तापले की फरक कळतो, आणि तेच पाणी पिस्टनलाही आतून गंजवतं. दर दोन वर्षांनी तेल बदला.

आता काही प्रश्न आलेत ते घेतो.

"एकाच बाजूचा पॅड झिजलाय, तर एकच बदलला तर चालेल का?" नाही. पॅड, लायनर, डिस्क नेहमी जोडीने. एक नवा, एक जुना म्हणजे ओढण्याला आमंत्रण. आणि जो जास्त झिजला तो का झिजला, हे शोधल्याशिवाय नवा टाकू नका.

"पॅडवर तेल सांडलं तर पॉलिशपेपरने घासून चालतं असं सांगतात." वर साफ दिसेल, पण तेल आत मुरलेलं असतं, तापलं की परत वर येतं. दोन्हीकडचे पॅड बदला आणि तेल आलं कुठून ते बघा.

"माझ्या गाडीला एबीएस आहे, मग हा त्रास होईल का?" होईल. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे. ते चाक लॉक होऊन घसरू देत नाही. पण जाम झालेली पिन ते सोडवू शकत नाही.

"असं झालं तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ का?" पेडल नेहमीपेक्षा खोल जात असेल, ब्रेकचा दिवा लागला असेल, चाकाच्या आत तेल ओघळलेलं दिसत असेल किंवा करपल्याचा वास येत असेल, तर नेऊ नका. मेकॅनिकला घरी बोलवा, नाहीतर गाडी टो करून न्या. ब्रेकच्या तेलाचे दोन वेगळे मार्ग असतात. पुष्कळ गाड्यांत एक मार्ग पुढचं एक चाक आणि मागचं समोरासमोरच्या कोपऱ्यातलं दुसरं चाक सांभाळतो. एक मार्ग फुटला तर पुढचं एकच चाक थांबवतं आणि गाडी जोरात ओढते. तो इशारा समजायचा.

शेवटचं. गॅरेजमध्ये जाल तेव्हा नुसतं "गाडी ओढते" असं सांगू नका. कुठल्या बाजूला, ब्रेक लावतानाच की एरवीही, थंड असताना की तापल्यावर, आणि कुठलं चाक जास्त गरम, एवढं सांगा. चांगल्या मेकॅनिकचं अर्धं काम तिथेच होतं. दोन्ही चाकं खोलून दाखवायलाही सांगा, त्याला राग येणार नाही.

आणि आज घरी जाताना शेजारी बसलेल्या माणसाला एवढंच विचारा, "मी ब्रेक लावताना स्टिअरिंग वळवतो का गं?" उत्तर जे येईल ते ऐका. मी एकदा "छे" म्हणालो होतो.