एकट्याने कुंग्सलेडेन, मार्च-एप्रिलमध्ये: प्लॅन कसा करायचा?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना घेतलेले पॉज आणि चहाचे घोट काढून टाकलेत, बाकी गप्पा त्याच आहेत.

आजचा विषय आहे उत्तर स्वीडन. आर्क्टिक वर्तुळाच्याही वर, स्कीवरून, एकट्याने. "कुठली जॅकेट घेऊ?" हा प्रश्न सगळे पहिला विचारतात. मी आज तो शेवटी ठेवणार आहे. एकट्याच्या प्लॅनमध्ये आधी ठरवायची गोष्ट एकच: कुठल्या परिस्थितीत मी पुढे जाणार नाही. बाकी सगळं त्यातून निघतं. कसं ते बघू.

कुठे आणि कधी

कुंग्सलेडेन म्हणजे 'राजाची वाट'. आबिस्को ते हेमावान अशी साधारण ४४० किलोमीटर. आपण बोलतोय तो उत्तरेकडचा तुकडा, आबिस्को ते निक्कालुओक्ता, सुमारे १०५ किलोमीटर. स्टॉकहोमहून रात्रीची ट्रेन थेट आबिस्कोला जाते. वाटेत साधारण १२ ते २० किलोमीटरवर स्वीडिश टूरिस्ट असोसिएशनच्या हट्स आहेत. हट म्हणजे हॉटेल नाही हं. लाकडं आपण फोडायची, पाणी आपण आणायचं.

शेजारीच सारेक नॅशनल पार्क आहे. तिथे खुणा केलेली वाट नाही, मुक्कामाच्या हट्स नाहीत. फोटो बघून तिकडे जावंसं वाटतं, पण पहिल्यांदा आणि एकटे असाल तर कुंग्सलेडेनच. ईस्टरच्या सुटीत हट्स भरतात, त्याचाही फायदाच: वाटेवर माणसं असतात.

स्वीडिश लोक या दिवसांना 'वोरविंटर' म्हणतात, वसंत-हिवाळा. २० मार्चच्या आसपास दिवस बारा तासांचा असतो, एप्रिलच्या मध्यावर पंधरा तासांहून मोठा. ऊन लख्ख, बर्फ घट्ट. पण रात्री पारा उणे २० पर्यंतही उतरू शकतो. नावात वसंत आहे म्हणून फसू नका. एप्रिलच्या शेवटी उलटा त्रास सुरू होतो. दुपारी बर्फ भुसभुशीत होतो, ओढ्यांवरचे बर्फाचे पूल कच्चे होतात. हिवाळ्याची वाट उन्हाळ्याच्या वाटेपेक्षा वेगळी असते आणि ती बऱ्याच ठिकाणी गोठलेल्या तलावांवरून जाते. म्हणून मार्चचा दुसरा आठवडा ते एप्रिलचा मध्य, हा काळ बरा.

एकटं असण्याने काय बदलतं

आम्ही सॉफ्टवेअरवाले 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतो, म्हणजे एकच पार्ट बंद पडला की सगळी सिस्टिम बसते. एकट्या प्रवासात तो पार्ट तुम्ही स्वतः. घोटा मुरगळला तर स्टोव्ह कोण पेटवणार? हिमप्रपातात गाडले गेलात, तर गळ्यातला ट्रान्सीव्हर सिग्नल देत राहील, पण खणणारं कोणी नसेल. त्यामुळे एकट्याचा नियम सोपा: ३० अंशांहून जास्त उताराच्या वर, खाली किंवा मध्ये जायचंच नाही. आबिस्को आणि केब्नेकाइसे भागासाठी हिवाळ्यात हिमप्रपाताचा रोजचा अंदाज जाहीर होतो, तो निघण्याआधी वाचायचा.

सोबत माणसं असली की सुरक्षित, असंही समजू नका. फेब्रुवारी १९७८ मध्ये स्वीडनच्याच अनारिस डोंगरात नऊ जण स्कीवरून निघाले होते. उघड्या पठारावर वादळी वाऱ्यात अडकले. आठ जण गेले, एक वाचला. म्हणून मुक्काम हटमध्ये असला तरी फावडं, वारा अडवणारी मोठी पिशवी, मॅट, स्लीपिंग बॅग आणि स्टोव्ह रोज सोबत. हटपर्यंत पोचलो नाही तर रात्र बाहेर काढता यावी, एवढंच त्या वजनाचं काम.

खिंडीचा दिवस

या वाटेवरचा कळीचा टप्पा म्हणजे आलेस्याउरे ते सेल्का, साधारण २५ किलोमीटर. मध्ये चेक्त्या खिंड, उंची ११०० मीटरच्या वर. आडोसा फारसा नाही.

इथे तापमानापेक्षा वारा बघायचा. हवा उणे १० आणि वारा सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर, असेल तर उघड्या कातडीला ते उणे २० सारखं लागतं. शिवाय भुरभुरा बर्फ उडायला लागतो आणि वाटेच्या खांबांवरचे लाल क्रॉस दिसेनासे होतात. म्हणून घरी बसूनच आकडा लिहून टाका. माझा आकडा १० आहे. अंदाज त्याच्या वर गेला तर त्या दिवशी हट सोडायची नाही. हटवरचे वॉर्डन हवामानाची माहिती देतात, त्यांना विचारा, आणि ते "थांबा" म्हणाले तर वाद घालू नका.

आकडा आधीच का लिहायचा? कारण तिथे सकाळी ऊन पडलेलं असतं, बाकीचे निघालेले असतात, आणि तुमचं परतीचं विमान परवा असतं. त्या क्षणी डोकं बरोब्बर हवं ते उत्तर शोधून काढतं. उपाय तिकिटातच आहे. चालायचे सात दिवस, वर दोन दिवस मोकळे. ते दोन दिवस वाया गेले तर जावोत. त्यांच्या जिवावरच "आज नाही" म्हणता येतं.

बर्फ प्यायचा कसा

सह्याद्रीत आपण टाक्याचं पाणी शोधतो. इथे सगळीकडे पाणीच, पण घन. एक किलो बर्फाचं नुसतं पाणी करायला साधारण ३३४ किलोज्यूल लागतात, आणि शून्य अंशाचं तेच पाणी उकळायला आणखी ४२० च्या आसपास. म्हणजे नळाच्या पाण्याच्या हिशोबाने नेलेलं इंधन जवळपास निम्म्यावर संपणार. शिवाय साध्या कॅनिस्टरमधला ब्युटेन उणे अर्ध्या अंशालाच वायू होणं थांबवतो. थंडीत स्टोव्ह फुरफुरतो तो यामुळे. म्हणून द्रव इंधनाचा स्टोव्ह, आणि तो हातमोजे घालून पेटवायचा सराव घरीच.

आता जॅकेट! अंगावर पातळ थर, बाहेरून वारा अडवणारा, आणि थांबल्यावर चढवायला एक जाड. झालं. गॉगल मात्र विसरू नका, बर्फावरच्या उन्हाने डोळे जातात.

घरच्यांसाठी एक कागद

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. वाटेवर बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज नाही. रोज रात्री फोनची सवय असलेल्या आईला हे निघायच्या आधी नीट सांगा. नाहीतर ती दुसऱ्याच दिवशी घाबरेल, किंवा "रेंज नसेल" म्हणत खरोखर गरज असताना थांबून राहील. दुसरं जास्त वाईट.

कागदावर लिहा: कुठल्या तारखेला कुठली हट, आणि कुठल्या दिवशी किती वाजेपर्यंत मेसेज आला नाही तर कोणाला फोन करायचा. तिथे डोंगरातली शोधमोहीम पोलिसांकडे असते. आणि हे लक्षात ठेवा, पुण्यातून ११२ फिरवला तर तो भारतातच लागेल. परदेशातून लागणारा स्वीडिश पोलिसांचा नंबर कागदावर हवा. वेळही भारतीय लिहा. मार्चच्या शेवटच्या रविवारी स्वीडनमधली घड्याळं एक तास पुढे जातात, फरक साडेचार तासांवरून साडेतीन होतो. प्रवासाच्या मधोमध!

सॅटेलाइट कम्युनिकेटर हवाच, पण तो भारतातून नेऊ नका. परवानगीशिवाय तो आपल्याकडे बाळगणं बेकायदेशीर आहे, आणि विमानतळांवर लोकांना अडवल्याच्या घटना घडल्या आहेत. स्वीडनमध्ये भाड्याने घ्या, निघताना तिथेच परत करा. फोन आणि बॅटरी शर्टच्या आतल्या खिशात, थंडीत चार्ज भराभर उतरतो.

वाटेत रेनडियरचा कळप दिसला तर थांबा, त्याला जाऊ द्या. तो सामी कुटुंबांचा असतो, आणि या दिवसांत माद्या गाभण असतात.

तर मंडळी, आज रात्री फक्त एवढंच करा. कागद घ्या, वर लिहा "या परिस्थितीत मी परत फिरेन", आणि खाली तीन ओळी. त्या तीन ओळी सुचत नसतील, तर तिकीट अजून काढू नका. सुचल्या तर मला पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. भेटू!