तापणाऱ्या समुद्राची पैसेवारी

समुद्राच्या संदर्भात ‘लाट’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे उसळते पाणी उभे राहते. परंतु शास्त्रज्ञांच्या लेखनात अलीकडे जिचा वारंवार उल्लेख होऊ लागला आहे, ती सागरी उष्णतेची लाट डोळ्यांना दिसत नाही. उलट ती आलेली असताना समुद्र पुष्कळदा अधिकच शांत भासतो. विदर्भात पारा पंचेचाळीस अंशांवर गेला की ठळक मथळे येतात, शाळांच्या वेळा बदलतात. अरबी समुद्राचे पाणी मात्र आठवडेच्या आठवडे तापत राहिले, तरी किनाऱ्यावरील गावांतही त्याची चर्चा होत नाही. या अदृश्य लाटेची नोंद आपल्या शासनव्यवहारात व्हावी, असे सुचविण्यासाठी हा लेख आहे.

प्रथम ही लाट म्हणजे काय, ते पाहू. एखाद्या ठिकाणच्या पाण्याच्या तापमानाच्या साधारण तीस वर्षांच्या नोंदी घेतल्या आणि वर्षातील त्या विशिष्ट दिवसांपुरत्या त्या उतरत्या क्रमाने लावल्या, तर सर्वांत वरच्या दशांश नोंदी अपवादात्मक मानता येतील. पाणी या पातळीच्याही वर गेले आणि सलग पाच दिवस तरी तेथेच राहिले, म्हणजे सागरी उष्णतेची लाट आली, अशी सर्वसाधारण व्याख्या आहे. पाणी नुसते उष्ण असणे पुरेसे नाही; त्या जागेच्या आणि त्या ऋतूच्या मानाने ते अवाजवी उष्ण असले पाहिजे.

पाणी असे का तापते? माठातील पाणी बाष्पीभवनामुळे गार राहते आणि वारा असला की अधिक गार होते, हा आपल्या घरातला अनुभव आहे. समुद्रालाही वारा दोन प्रकारे गार ठेवतो. तो बाष्पीभवन वाढवितो आणि पाणी घुसळून खालचा थंड थर वरच्या थरात मिसळतो. चैत्र-वैशाखात अरबी समुद्रावरील आकाश निरभ्र असते, वारा मंद असतो आणि ऊन प्रखर. अशा वेळी वरचा थर तापतो, तापल्यामुळे हलका होतो आणि खालच्या थंड पाण्यावर झाकणासारखा पसरून राहतो. पुढे नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यांलगत खोल, थंड पाणी वर येते आणि ऐन जून-जुलैत हा समुद्र निवतो. ज्या वर्षी प्रशांत महासागरात एल निनो प्रबळ असतो, त्या वर्षी वातावरणाचे अभिसरण बदलते, हिंदी महासागरावर ढग आणि वारे कमी होतात आणि ही निवण्याची क्रिया मंदावते. १९९७-९८, २०१५-१६ आणि २०२३-२४ ही अशीच वर्षे होती.

परंतु एल निनो ही काही नवी गोष्ट नव्हे. नवीन आहे ती मुळातली वाढलेली पातळी. कोळसा आणि तेल जाळून माणसाने पृथ्वीवर जी जादा उष्णता कोंडून ठेवली आहे, तिच्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक महासागरांनी पोटात घेतली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९८२ ते २०१८ या काळात पश्चिम हिंदी महासागरात अशा ६६ लाटा आल्या आणि दर दशकाला त्यांत सुमारे दीड लाटेची भर पडत गेली. कार्बन वायूंचे उत्सर्जन असेच चालू राहिले, तर एके काळी वर्षातून सरासरी वीस दिवस असणारी ही स्थिती शतकाच्या अखेरीस २२० ते २५० दिवसांवर जाईल, असे याच संशोधकांचे २०२४ मधील अनुमान आहे. म्हणजे मग लाट हा अपवाद न राहता नियमच होईल.

याचे परिणाम किनाऱ्यापुरते मर्यादित नाहीत. पश्चिम हिंदी महासागरातील अशा लाटांच्या काळात मध्य भारतातील पाऊस घटतो, असे वरील अभ्यासात आढळले आहे. तेव्हा विदर्भातील शेतकऱ्याचाही या समुद्राशी संबंध आहे. लक्षद्वीपची प्रवाळे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये पांढरी पडली. उष्ण पाणी वादळांना बळ पुरविते. अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या १९८२-२००० च्या तुलनेत २००१-२०१९ मध्ये ५२ टक्क्यांनी वाढली. जून २०२० मधील ‘निसर्ग’ने श्रीवर्धन-दापोलीच्या सुपारीच्या बागा आडव्या केल्या, हे कोकण विसरलेले नाही.

वादळाची हानी निदान दिसते, तिचे पंचनामे होतात. उष्ण पाण्याची हानी तशी नाही. तापलेल्या थरामुळे खालची पोषकद्रव्ये वर येईनाशी होतात, सूक्ष्म वनस्पती खुंटतात, त्यांवर जगणारी तारली-बांगड्यासारखी मासळी जागा बदलते. तांडेल डिझेल जाळून जातो आणि अर्धे जाळे घेऊन परततो. या नुकसानीचा पंचनामा कोण करणार?

मासळी घटण्याला उष्णता हे एकमेव कारण नाही, असा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. बेसुमार यांत्रिक मासेमारी, एलईडी दिव्यांचा वापर, खाड्यांतील प्रदूषण ही कारणे आहेतच. परंतु नेमके म्हणूनच मोजमाप हवे. शेतीची पैसेवारी काढताना पीक का बुडाले यापूर्वी ते किती बुडाले, हे पाहिले जाते. समुद्रासाठी हे अशक्य नाही. हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था सागरी उष्णतेच्या लाटांच्या सूचना देते. बंदरांवर उतरणाऱ्या मासळीचे आकडे मत्स्यखाते गोळा करते. हे दोन्ही एकत्र मांडून बंदरनिहाय पैसेवारी काढणे हे कारकुनी शिस्तीचे काम आहे, चमत्काराचे नव्हे.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. दर्जा दिला, तर त्या दर्जाबरोबर येणारा दुष्काळही मान्य केला पाहिजे. शेतीचा दुष्काळ जाहीर झाला की कर्जाचे पुनर्गठन होते, विद्यार्थ्यांचे परीक्षा शुल्क माफ होते. मत्स्यदुष्काळ जाहीर करा, ही कोळी बांधवांची मागणी यापेक्षा वेगळे काही मागत नाही.

समुद्र थंड करणे एकट्या महाराष्ट्राच्या हाती नाही. त्यासाठी जगाला आपल्या चुली बदलाव्या लागतील. पण तापलेल्या समुद्राची झळ ज्याच्या ताटाला लागते, त्याची नोंद वहीत घेणे मात्र आपल्या हाती निश्चित आहे.