चौसष्ट घरांत (भाग १४) : पट्टी झाकून बघा

हत्ती-प्याद्यांचे एंडगेम आज घेणार होतो. ते आता पुढच्या आठवड्यावर. गेल्या अंकानंतर आपल्याच गावातल्या एका निवृत्त गुरुजींचं पत्र आलं आणि सगळा बेत फिरला. बाटुमीतला महिला विश्वचषकाचा अंतिम सामना त्यांनी नातवाबरोबर मोबाइलवर बघितला होता. ते लिहितात, ‘नातवाला अजून घोड्याची अडीच घरं धड मोजता येत नाहीत, पण तो मधेच ओरडायचा, आजोबा, चुकली, चुकली! मग त्या एवढ्या मोठ्या खेळाडूंना ते दिसत कसं नाही?’

गुरुजी, नातू पट बघतच नव्हता. तो पटाशेजारची काळी-पांढरी पट्टी बघत होता. संगणक प्रत्येक चालीनंतर परिस्थिती मोजतो आणि प्याद्यांच्या हिशेबात आकडा देतो. आकडा एकच्या आसपास म्हणजे साधारण एका प्याद्याची आघाडी. पट्टीतला काळा भाग एकदम वाढला की पांढऱ्यानं माती खाल्ली, हे कळायला बुद्धिबळ यावं लागत नाही.

२८ जुलै २०२५ ची ती संध्याकाळ आठवा. आदल्या दोन दिवसांचे दोन्ही डाव बरोबरीत सुटलेले. त्यातल्या पहिल्यात तर नागपूरच्या दिव्या देशमुखचा वरचष्मा होता, पण कोनेरू हंपीनं तो डाव वाचवला. मग टायब्रेकचे जलद डाव. पहिला पुन्हा बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी, हंपीच्या घड्याळात वेळ संपत आलेला, आणि पट्टी वर-खाली नाचायला लागलेली. पंचाहत्तराव्या चालीपर्यंत ते चाललं, शेवटी हंपीनं डाव सोडला. स्पर्धेला येताना दिव्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. जाताना विश्वचषक आणि ग्रँडमास्टर किताब दोन्ही. मधे हातात आलेला डाव आपण सैल सोडला, एंडगेम शिकायला हवेत, हे तिनं नंतर स्वतःच सांगितलं. एकोणीस वर्षांच्या विश्वचषक विजेतीचं हे बोलणं मला त्या डावाहून जास्त आवडलं.

आता मूळ प्रश्न. पट्टी आपल्याला नुसती चाल सांगत नाही. त्याच्याही आधी ती सांगते की इथे काहीतरी आहे, थांब आणि शोध. ही बातमीच अर्धं उत्तर असते. पेपरातलं कोडं आपल्याला सुटतं, कारण वर छापलेलं असतं : पांढरा खेळून तीन चालींत मात. पटावर बसलेल्याला असं कोण सांगणार?

याचा सगळ्यात मोठा पुरावा सोचीचा. १५ नोव्हेंबर २०१४, कार्लसन-आनंद जगज्जेतेपदाच्या सामन्यातला सहावा डाव. गुण बरोबरीत, पांढरी मोहरी कार्लसनकडे. सव्विसाव्या चालीला त्यानं राजा डी-२ वर आणला. चूक! काळ्या घोड्यानं ई-५ वरचं प्यादं उचलायचं. पांढरा हत्ती जी-८ वरचा हत्ती मारतो, मारू दे. तो परत मारायची घाई करायची नाही. घोडा आधी सी-४ वरचं प्यादं घेतो आणि डी-२ वरच्या राजाला शह बसतो. राजा डी-३ वर आला, तर घोडा बी-२ वर जाऊन पुन्हा शह. राजा हलला की मग निवांत हत्ती मारून घ्यायचा. दोन प्यादी खिशात. राजा डी-२ ऐवजी दुसरीकडे असता, तर यातलं काही जमलं नसतं.

जगभर पट्टी बघणाऱ्यांना हे त्याच क्षणी कळलं होतं. कार्लसनलाही चाल झाल्यावर कळलं. आनंदनं मात्र फारसा वेळ न घेता ए-४ वर प्यादं सरकवलं, आणि कार्लसननं टेबलावर डोकं टेकलं. आनंद वजिराच्या बाजूनं पुढे सरकायच्या बेतात होता, आणि समोर बसलेला जगज्जेता प्यादी फुकट ठेवत नसतो असा त्याचा अनुभव. त्यानं शोधलंच नाही. तो डाव तो हरला, पुढे सामनाही. त्या दिवशी ज्यांनी ‘आनंद संपला’ म्हणून गळे काढले, त्यांतल्या किती जणांना पट्टीशिवाय तो घोडा दिसला असता?

पट्टी आणखी एका बाबतीत फसवते. ती शून्यावर असली की नातू म्हणणार, बरोबरी. पण कधी कधी त्या शून्याचा अर्थ असा असतो, की लागोपाठ सहा-सात चाली एकेकच बरोबर आहेत आणि त्यातली एक चुकली की खेळ खलास. संगणकाला ते सोपं जातं. घड्याळात सेकंद उरलेल्या माणसाच्या दृष्टीनं ती परिस्थिती निम्मी हरलेलीच असते.

पट्टी नव्हती तेव्हा आमची चैन वेगळी होती. सांगली हाकेच्या अंतरावर. भाऊसाहेब पडसलगीकरांचं नूतन बुद्धिबळ मंडळ तिथलं, भाग्यश्री साठे (पुढे ठिपसे) आणि स्वाती घाटे यांना घडवणारं. तिथल्या स्पर्धा बघायला आम्ही जायचो. खेळाडूंच्या मागे उभं राहून तोंडातून ब्र काढायची सोय नाही. मग दोघं-तिघं हळूच बाहेर सटकायचे, चहाच्या गाड्याजवळ खिशातला पट उघडायचा आणि भांडण सुरू. एक म्हणे उंट द्यायलाच हवा, दुसरा म्हणे वेडा आहेस का. परत आत जावं तर खेळाडूनं भलतीच तिसरी चाल केलेली! मग ती का केली यावर दुसरा चहा. आमचे निम्मे निष्कर्ष चुकीचे असायचे, पण आमचे असायचे. आता ‘पट्टी काय म्हणते?’ एवढंच विचारतात आणि भांडण मिटतं. मला ते मिटलेलं आवडत नाही.

तेव्हा गुरुजी, पुढच्या सामन्याला पडद्याच्या त्या कडेवर पोस्टकार्डाचा तुकडा चिकटवा. प्रत्येक चालीआधी नातवानं आपली चाल वहीत लिहायची, तुम्ही तुमची. कार्ड काढायचं ते डाव संपल्यावर.

तोवर सराव म्हणून पुढच्या आठवड्याचा पट मांडून ठेवा. पांढरा राजा जी-८, प्यादं जी-७, हत्ती एफ-१. काळा राजा ई-७, हत्ती एच-२. चाल पांढऱ्याची. जिंकतो की बरोबरी, ते मी सांगणार नाही.